आमच्या १,१४६ बातम्या परत द्या

बंद पडलेल्या एका डिजिटल माध्यम कंपनीचे संस्थापक, संचालक आणि गुंतवणूकदार यांना खुले पत्र

महोदय,
सप्रेम नमस्कार.

मी तुमच्या कंपनीची बीड जिल्ह्याची प्रतिनिधी होते. नोव्हेंबर २०१७ पासून मार्च २०२४ मध्ये कंपनीने गाशा गुंडाळला तोपर्यंत मी तुमचा लोगो लावलेला माइक घेऊन या जिल्ह्याच्या अकराही तालुक्यांत फिरले. हे पत्र मी आधी तुम्हालाच पाठवलं होतं. तीन मेल केले. पहिल्याला उत्तर आलं नाही, पुढचे दोन परत आले, कारण तो पत्ताच बंद झालेला. म्हणून आता चारचौघांत लिहिते आहे. ज्या लोकांच्या बातम्या आपण दाखवल्या, त्यांनीही हे वाचावं अशी माझी इच्छा आहे.

निमित्त गेल्या महिन्याचं आहे. आपला यूट्यूब चॅनल दुसऱ्या कुणाला तरी देऊन टाकला गेला. नाव बदललं, चिन्ह बदललं, आणि आपण सहा वर्षं केलेलं एकूण एक काम तिथून नाहीसं झालं. आता तिथे राशिभविष्य आणि मालिकांमधली भांडणं दिसतात. प्रेक्षकांचा आकडा मात्र जुनाच आहे. चारा छावणीत शेणाच्या वासात उभं राहून, बोंडअळीने खाल्लेली बोंडं हातावर फोडून दाखवून जे लाखो लोक आपल्याशी जोडले गेले, ते तसेच्या तसे नव्या मालकाच्या खात्यावर गेले. संकेतस्थळ तर त्याआधीच बंद झालं होतं. पत्ता टाकला की ‘ही साइट सापडत नाही’ एवढंच येतं.

मला हे कसं कळलं ते सांगते.

बाजाराच्या दिवशी धारूर तालुक्यातल्या एका तांड्यावरच्या बाई माझ्या घरी आल्या. सोबत नववीतली मुलगी होती. पिशवीतून त्यांनी प्लास्टिकच्या फोल्डरमधले कागद काढले. त्यांचा नवरा नोव्हेंबर २०२१ मध्ये ऊसतोडीसाठी साखर कारखान्याला निघालेला असताना घाटात ट्रॅक्टरची ट्रॉली उलटून वारला. त्या दुपारी मी तिथे होते. रस्त्यावर पिठाचे डबे, गोधड्या, चेपलेली पातेली विखुरलेली. एका कोयत्याच्या मुठीला निळी दोरी गुंडाळलेली होती. मी तो कोयता जवळून टिपला, कारण मयताचा चेहरा दाखवायचा नाही हा नियम आपला होता आणि तो मला पटत होता. त्याच ठिकाणी मजुरांची टोळी नेणारा मुकादम उभा होता. गोंधळलेला, घाबरलेला. माझ्या माइकवर तो म्हणाला, ‘माझ्याच टोळीतला कोयता आहे हा. जोडीला उचल दिलेली आहे.’

आमच्याकडे नवरा-बायकोच्या जोडीला कोयता आणि आगाऊ दिलेल्या मजुरीला उचल म्हणतात, हे मुंबईच्या वाचकांसाठी लिहिते.

आज तोच मुकादम म्हणतो, मी या माणसाला ओळखत नाही. विमा कंपनी म्हणते, हा कामावरचा मजूर नव्हताच, ट्रॉलीत फुकट बसलेला प्रवासी होता, आमची जबाबदारी नाही. दाव्यात सगळं येऊन थांबलं आहे ते तो माणूस कुणाच्या कामावर होता या एका प्रश्नावर. वकिलांनी बाईंना विचारलं, त्या दिवसाचा पुरावा आहे का? बाई म्हणाल्या, हाय की, मोबाईलमध्ये हाय. मुलीने ती लिंक जपून ठेवली होती, दरवर्षी वडिलांच्या तिथीला ती स्टेटसला लावायची. वकिलांसमोर तिने बोट लावलं आणि काहीच उघडलं नाही.

माझ्या ओसरीवर बसून तिने पुन्हा एकदा ती लिंक उघडून पाहिली. मीही माझ्या फोनवर पाहिली. मग बाईंनी मला विचारलं, ‘ताई, तुम्ही पुसलं का ते?’

मूळ फुटेज माझ्याकडे नाही. चौसष्ट जीबीच्या फोनमध्ये सहा वर्षांचं चित्रीकरण राहत नाही. शिवाय तुमच्या डेस्कचा लेखी निरोप होता की फाइल सर्व्हरवर चढली की फोनमधून काढून टाका, कच्चं फुटेज बाहेर फिरायला नको. मी तो निरोप पाळला. जिल्ह्याजिल्ह्यातल्या आम्ही सगळ्यांनीच पाळला.

आता थोडं मागचं. तुमच्यापैकी ज्यांनी फक्त पैसे गुंतवले, त्यांना ही कंपनी इथे कशी उभी राहिली हे बहुधा ठाऊक नसेल.

२०१७ ची दिवाळी होऊन गेली होती. तेव्हाच्या औरंगाबादला, स्टेशनजवळच्या हॉटेलच्या हॉलमध्ये तुम्ही आम्हा आठ जिल्ह्यांच्या लोकांना बोलावलं होतं. परभणीचा सहकारी लग्नसोहळ्यांचे फोटो काढायचा, हिंगोलीचा खासगी शिकवणी घ्यायचा, मी एका साप्ताहिकात तालुक्याच्या बातम्या लिहायचे. संस्थापक सरांनी तिथे जे सांगितलं ते मला आजही आठवतं. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला पाण्याची रेल्वे आली तेव्हा देशभरातले कॅमेरे लातूरच्या स्टेशनवर होते, पण मांजरा धरण आटत होतं त्या सगळ्या काळात कॅमेरा कुठे होता? तो कॅमेरा आता तुमच्या खिशात आहे, असं सर म्हणाले. हॉलमध्ये कुणी बोललं नाही. मी येताना एसटीत त्याचाच विचार करत आले. दुसऱ्या दिवशी मी साप्ताहिकाला नाही म्हणून कळवलं.

सरांचं बोलणं खरं होतं. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आलं होतं, वर्षभरात डेटा इतका स्वस्त झाला की ऊसतोडीला गेलेली पोरं कोपीवर, म्हणजे फडाजवळच्या झोपडीत, रात्री गावाकडच्या बातम्या पाहायला लागली. वर्तमानपत्र जिथे दुपारी पोचायचं, तिथे आपला व्हिडिओ सकाळी सातला पोचायचा. गुलाबी बोंडअळीच्या हंगामात आपण कापसाच्या शेतात होतो. ऑक्टोबर २०१८ मध्ये सरकारने १५१ तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला, त्यानंतर चारा छावण्यांत मी अक्षरशः मुक्काम केले. २०१९ मध्ये ऐन तिशीत गर्भपिशवी काढून टाकलेल्या ऊसतोड बायकांचा प्रश्न राज्यभर गाजला, नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. त्या काळात माझ्याशी बोललेल्या बायकांपैकी निम्म्यांनी तोंडावर पदर घेतला होता. एकीने मात्र पदर बाजूला केला आणि म्हणाली, माझं नाव टाका, लपवू नका. एप्रिल २०२० मध्ये टाळेबंदीत कारखान्यांवर अडकलेले मजूर घरी परतू लागले तेव्हा मी जिल्ह्याच्या हद्दीवर तीन दिवस होते. त्यांची लेकरं मोजत होते.

हे सगळं केलं तुमच्या कंपनीसाठी, पण ते काम आमचं आम्हालाही हवं होतं. म्हणून एका पॅकेजचे, म्हणजे सविस्तर व्हिडिओ बातमीचे, सहाशे आणि साध्या बातमीचे साडेतीनशे रुपये, पेट्रोल स्वतःचं, हे आम्ही मान्य केलं. माझ्या नवऱ्याने एकदाही तोंड वाकडं केलं नाही. सासूबाई तर शेजारणींना माझ्या बातम्या लावून दाखवायच्या.

कंपनी का बुडाली, हे आम्हाला कुणी समजावून सांगितलं नाही. मी नंतर वाचून, विचारून समजून घेतलं. आपलं घर आपण दुसऱ्याच्या जागेत बांधलं होतं. जानेवारी २०१८ मध्ये फेसबुकने जाहीर केलं की यापुढे मित्र-नातेवाइकांच्या पोस्ट आधी दिसतील, बातम्या मागे जातील. आपण तर जेमतेम दोन-तीन महिन्यांचे होतो. त्याआधी, सप्टेंबर २०१६ मध्ये, फेसबुकने कबूल केलं होतं की लोक व्हिडिओ सरासरी किती वेळ पाहतात याचा आकडा ते फुगवून दाखवत होते, कारण तीन सेकंदांच्या आत निघून गेलेल्यांना ते मोजतच नव्हते. जगभरातल्या कितीतरी माध्यम कंपन्यांनी लिहिणारी माणसं कमी करून व्हिडिओवर खर्च केला, त्यामागे असले आकडे होते. यूट्यूब लांब व्हिडिओच्या जाहिरातीतले ५५ टक्के चॅनलला देतं, पण मराठी व्हिडिओवरच्या जाहिरातीचा मूळ दरच कमी, त्यात दुष्काळाच्या बातमीवर जाहिरात लावायला कुणी तयार नसतं. जून २०२० मध्ये टिकटॉकवर बंदी आली, त्या जागी रील्स आणि शॉर्ट्स आले आणि डेस्कवरून निरोप येऊ लागले की तीन मिनिटांची गोष्ट तीस सेकंदांत बसवा. शॉर्ट्सच्या जाहिरातीतला वाटा मिळायला फेब्रुवारी २०२३ उजाडला. दरम्यान मुंबईत मोठा स्टुडिओ उभा राहिला, एलईडीची भिंत आली. आम्ही जिल्ह्यातले लोक ट्रायपॉड मागत होतो.

मी धंदा बुडाल्याबद्दल तुम्हाला दोष देत नाही. मोठमोठे बुडाले. व्हाइस नावाच्या अमेरिकी कंपनीची किंमत २०१७ मध्ये ५७० कोटी डॉलर धरली गेली होती, मे २०२३ मध्ये तिने दिवाळखोरीचा अर्ज केला. बझफीडने आपला बातम्यांचा विभाग एप्रिल २०२३ मध्ये बंद केला, पुलित्झर पुरस्कार मिळवलेला विभाग. पण बंद करताना त्यांनी जुन्या बातम्या वाचायला ठेवल्या. आणि नोव्हेंबर २०१७ मध्ये न्यूयॉर्कची गोथमिस्ट आणि डीएनएइन्फो ही स्थानिक बातम्यांची संकेतस्थळं मालकाने एका दिवसात बंद केली, सगळ्या जुन्या बातम्यांच्या जागी स्वतःचं पत्र लावलं, तेव्हा एवढी ओरड झाली की त्या बातम्या पुन्हा दिसू लागल्या. म्हणजे हे करता येतं. त्याला एलईडीच्या भिंतीइतका खर्च लागत नाही.

माझ्या तक्रारी आता स्पष्ट सांगते.

सप्टेंबर २०२३ ते मार्च २०२४ या सात महिन्यांचं माझं मानधन मिळालेलं नाही. माझे ८१,४०० रुपये. आम्हा आठ जणांचे मिळून सव्वासहा लाख. हा सप्टेंबर कोणता होता ते आठवून पाहा. १ सप्टेंबरला अंतरवाली सराटीत मराठा आरक्षणाच्या आंदोलकांवर लाठीमार झाला. जालन्याचा आपला सहकारी त्या रात्री तिथेच होता आणि पुढचे अकरा दिवस गावातल्या एका ओट्यावर झोपला. मी बीडहून रोज जात होते. चॅनल सुरू झाल्यापासून सर्वांत जास्त लोकांनी आपल्याला पाहिलं ते त्याच महिन्यात, हे तुम्हीच ग्रुपवर लिहिलं होतं, खाली टाळ्यांची चिन्हं होती. त्या महिन्याचा एक रुपया जालन्याच्या सहकाऱ्याला मिळाला नाही. त्याने पेट्रोलसाठी बायकोची सोनसाखळी गहाण ठेवली होती. ती सोडवायला त्याला दीड वर्ष लागलं. दर महिन्याला ‘पुढच्या आठवड्यात’ असं उत्तर मिळत गेलं. पुढच्या आठवड्यात येणार म्हणून आम्ही काम थांबवलं नाही, हीच आमची चूक असेल तर ती मान्य आहे.

त्याआधीच्या काही महिन्यांच्या बिलांतून १० टक्के कर कापला होता. कापल्याची नोंद तुमच्या पावतीवर आहे. माझ्या पॅनच्या २६एएस विवरणात, म्हणजे सरकारकडे जमा झालेल्या कराच्या नोंदीत, ती रक्कम दिसत नाही. कापलेला कर सरकारजमा झालाच नसेल, तर तो आमच्याकडून घेतलेला पैसा आहे. एवढंच म्हणते, कारण मला कागद दाखवल्याशिवाय कुणावर आळ घ्यायचा नाही. कागद दाखवा.

कंपनी बंद होत असल्याची बैठक ऑनलाइन झाली, त्यात आम्हाला घेतलं नाही. आम्ही कर्मचारी नव्हतो, ‘व्यावसायिक सेवा’ देणारे होतो, असा करारात शब्द आहे. डेस्कवरच्या एका मुलीने रात्री फोन करून सांगितलं, तिला स्वतःलाच रडू येत होतं. १९५५ चा श्रमिक पत्रकार कायदा वृत्तपत्रांसाठी होता, त्यात संकेतस्थळ कुठून येणार? नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या कामगार संहितांत डिजिटल माध्यमाचा उल्लेख आला, तोवर आपलं दुकान बंद होऊन दीड वर्ष झालं होतं. दिवाळखोरीच्या कायद्याखाली जावं म्हटलं तर मार्च २०२० मध्ये थकबाकीची किमान मर्यादा १ लाखावरून १ कोटीवर नेली गेली. आम्हा आठ जणांची थकबाकी एकत्र केली तरी त्याच्या पासंगाला पुरत नाही. तुमच्या वकिलांना हे माहीत असणार. आम्हाला ते एका वकिलाची फी भरून कळलं.

आणि आता बातम्यांचं. याच्यासाठीच मी लिहायला बसले, पैशासाठी कदाचित बसले नसते.

करारानुसार सगळी सामग्री कंपनीची आहे, हे मला माहीत आहे. मी सही केलेली आहे. पण त्या सामग्रीत आहे काय? ज्या बाईने पदर बाजूला केला तिचा चेहरा. गारपिटीने झोपलेल्या हरभऱ्यात उभा राहिलेला म्हातारा, ज्याने मला आधी पाणी विचारलं आणि मग बोलायला सुरुवात केली. ग्रामसभेत सरपंचाला हिशेब विचारणारी पोरगी. त्यांनी कोणत्याही करारावर सही केलेली नाही. त्यांनी माझ्याकडे पाहून बोलणं केलं. मी त्यांना सांगितलं होतं की हे राहील, लोक पाहतील, अधिकारी पाहतील. तुमच्या वतीने सांगितलं होतं.

माझ्या आजोबांच्या पत्र्याच्या पेटीत ‘मराठवाडा’ दैनिकाचं एक कात्रण आहे, १९७२ च्या दुष्काळातलं. दुष्काळी कामावर मिळणाऱ्या सुकडीबद्दलची चार इंचांची बातमी. आजोबा त्या कामावर खडी फोडायला होते. कागद पिवळा पडला आहे, घडीवर फाटला आहे, पण वाचता येतो. निजामाच्या राजवटीत १९३८ मध्ये आ. कृ. वाघमारे यांनी सुरू केलेलं ते पत्र, बंदी आली की नाव बदलून पुन्हा निघायचं. पुढे अनंत भालेरावांनी ते वाढवलं. तेही बंद पडलं. पण त्या चार इंचांच्या बातमीवर मालक बदलण्याचा काहीही परिणाम झाला नाही, कारण ती माझ्या आजोबांच्या पेटीत होती. छापील पुस्तकाची आणि वृत्तपत्राची प्रत राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि ठरावीक सार्वजनिक ग्रंथालयांना देण्याचा कायदा देशात १९५० च्या दशकापासून आहे. संकेतस्थळावर तसं बंधन नाही. म्हणून २०१८ च्या दुष्काळातली माझी एकही बातमी माझ्या लेकीला दाखवता येत नाही, आणि १९७२ ची येते.

मराठवाड्याचं असं फार झालं आहे. इथे काय घडलं हे सांगायला नेहमी दुसऱ्याच्या दफ्तराचा आधार घ्यावा लागतो. आपण आठ जिल्ह्यांत ते काम स्वतः करायला लागलो होतो. गेल्या वर्षी सप्टेंबरात सिंदफणा आणि मांजरा पात्र सोडून शेतांत शिरल्या, माती खरवडून गेली, गोठ्यात बांधलेली जनावरं दावणीला मेली. मी स्वतःच्या फोनवर चित्रीकरण केलं. सवयीने केलं. ते अजून फोनमध्येच पडून आहे, कुठे द्यावं हे मला समजत नाही.

माझ्या वहीत १,१४६ नोंदी आहेत. तारीख, गाव, कोण बोललं, फाइलचं नाव. इतर सहा जणांच्या वह्याही थोड्याफार आहेत. एकट्या लातूरच्या सहकाऱ्याची वही गेली, पण त्याच्या व्हॉट्सअ‍ॅपवर डेस्कला पाठवलेल्या फाइलींची नावं सापडतात. म्हणजे काय शोधायचं हे आम्ही सांगू शकतो. कुठे आहे, हे फक्त तुम्ही सांगू शकता.

आमचं मागणं पुढीलप्रमाणे आहे.

सर्व्हरवरचं मूळ फुटेज आणि प्रसिद्ध झालेले व्हिडिओ नष्ट केले आहेत की शिल्लक आहेत, हे पंधरा दिवसांत लेखी कळवा. शिल्लक असतील तर त्यांची एक प्रत मराठवाड्यातल्या एखाद्या विद्यापीठाच्या वृत्तपत्रविद्या विभागाला किंवा सार्वजनिक ग्रंथालयाला विनामूल्य द्या. हार्ड डिस्कचा खर्च आम्ही आठ जण वर्गणी काढून करू. सूची आम्ही करून देऊ. मालकी तुमचीच राहू द्या, आम्हाला ती विकायची नाही. ज्यांच्याकडे चॅनल गेला त्यांच्याशी तुमचा जो व्यवहार झाला, त्यात जुने व्हिडिओ दिले की वगळले, तेही सांगा. आणि ज्या बायकांनी चेहरा झाकून बोलायचं ठरवलं होतं, त्यांचं न झाकलेलं कच्चं फुटेज कुणाच्याही हाती गेलेलं नाही, याची लेखी हमी द्या. याबाबत मला रात्री झोप लागत नाही.

सव्वासहा लाखांची थकबाकी एकदम देता येत नसेल तर हप्ते ठरवा, पण तारीख घालून ठरवा. सुरुवात जालन्याच्या सहकाऱ्यापासून करा, माझं शेवटी दिलंत तरी चालेल. कापलेल्या कराची प्रमाणपत्रं द्या. प्रत्येकाला कामाच्या कालावधीचा दाखला द्या. आमच्यातल्या दोघांना दुसरीकडे काम मिळत होतं, सहा वर्षं कुठे होता याचा कागद नाही म्हणून ते हुकलं.

गुंतवणूकदारांना एक वेगळी विनंती. संस्थापकांच्या नव्या कंपनीत तुमच्यापैकी काहीजण पुन्हा पैसे घालत असल्याचं वाचलं. जरूर घाला. घालण्याआधी आमच्या थकबाकीचा कागद त्यांच्यापुढे ठेवा आणि उत्तर मागा. तुम्ही विचारलंत तर ते देतील. आम्हाला अडीच वर्षांत दिलं नाही.

यातलं सगळं एकदम होणार नाही हे मला कळतं. एक गोष्ट मात्र थांबू शकत नाही. धारूरच्या बाईंच्या दाव्याची पुढची तारीख दिवाळीच्या सुट्टीआधीची आहे. कोर्टात इलेक्ट्रॉनिक पुरावा द्यायचा तर फाइल पुरत नाही, ती ज्या यंत्रणेत साठवली होती त्या यंत्रणेच्या जबाबदार माणसाचं प्रमाणपत्र सोबत लागतं. पूर्वी पुरावा कायद्याचं कलम ६५ब होतं, आता भारतीय साक्ष अधिनियमाचं कलम ६३ आहे, त्यात तज्ज्ञाचीही सही लागते. ते प्रमाणपत्र मी देऊ शकत नाही. तुमच्या तांत्रिक विभागाचे जे प्रमुख होते ते देऊ शकतात, त्यांची एक सही लागेल. मी मुंबईला यायला तयार आहे, म्हणाल त्या दिवशी, म्हणाल त्या ठिकाणी.

शोधायला सोपं जावं म्हणून वहीतली नोंद जशीच्या तशी खाली देते. बाइट म्हणजे कॅमेऱ्यासमोर दिलेली प्रतिक्रिया.

नोंद क्र. ७६२. ११ नोव्हेंबर २०२१, दुपारी दीड. धारूर घाट, ट्रॉली अपघात. बाइट तीन: सोबतचा मजूर, वाटसरू, मुकादम. मुकादमाचा बाइट १ मिनिट १० सेकंद. अपलोड संध्याकाळी ४.४०.

आपली,
बीड जिल्ह्याची माजी प्रतिनिधी
(आठही जिल्ह्यांच्या सहकाऱ्यांच्या संमतीने)